सबिडियसच्या खांद्यावरचा खडू

क्विंटिलिस महिना, कॅलेंड्स, म्हणजे पहिली तारीख

तो मेला सबिडियस! आज फोरममध्ये दिसला. त्याची आई वारली म्हणून अंगावर काळा टोगा — आणि खांद्यावर पांढरा खडू! टोग्याला खडू फासून हिंडतात ते फक्त निवडणुकीचे उमेदवार. म्हणजे कुणीतरी उमेदवाराने त्याला कडकडून मिठी मारली. कुणी?

माझा नवरा व्होल्कासियसही निवडणुकीला उभा आहे. आणि बाबांवर खटला भरून त्यांना रोमबाहेर घालवणारा हाच सबिडियस. बाबा परमुलखातच वारले. लग्नात व्होल्कासियस माझा हात धरून म्हणाला होता, तुझ्या बाबांचा वैरी तो माझाही वैरी.

नोन्सच्या आदल्या दिवशी, तारीख सहा

नवऱ्याला विचारलंच. "अगं, उमेदवार काय मी एकटाच आहे? तुझा भाऊसुद्धा खडू फासूनच फिरतोय की!"

माझ्या भावावर घालतो! सख्खा मुलगा बापाच्या वैऱ्याला मिठी मारील? जीभ झडो याची.

नोन्स

सेनेटमध्ये ह्याने नि सबिडियसने एकमेकांना कुत्रा म्हटलं म्हणे. नणंद म्हणते, "बघ वहिनी, उगाच संशय घेतेस." उगाच? शिव्या तर नाटकवालेही देतात!

संध्याकाळी टायटस आला. भाऊच तो, माझा चेहरा बघून कळलं त्याला. "ताई, मी काही पाहिलेलं नाही. पण लोक बोलतात खरं. अशा माणसाच्या घरात तू राहतेस कशी?"

बस्स. हातच्या काकणाला आरसा कशाला?

नोन्सनंतर तिसरा दिवस

घराच्या चाव्या नवऱ्याच्या पुढ्यात टाकल्या. संपलं आपलं, म्हटलं. ओरडेल असं वाटलं होतं, पण नाही. "जा. पण पोर बापाची. कायदा ठाऊक आहे ना तुला?"

ठाऊक होता. लेक ओट्यावर अंजीर खात बसली होती. "आई, कधी येणार?" म्हणाली. रडत निघाले. पण बाबांसाठी निघाले!

आयड्स, महिन्याचा मध्य

टायटसकडे आहे. चांगलं वागवतात. झोप नाही.

आयड्सनंतर, निकालाच्या दिवशी

व्होल्कासियस पडला. सबिडियसच्या माणसांनी त्याला एकही मत दिलं नाही. टायटस निवडून आला.

आज टायटसकडे पंगत. मानाच्या जागी सबिडियस! "ये ना ताई, बस," टायटस हसत म्हणाला. "महिना झाला आमचा समेट होऊन. मतं लागतात गं. बाबांना आता काय कळतंय?"

लेक तिकडे आहे.