पाच इस्पिक, पाच बदाम

आई, काल शुक्रवार होता आणि इथे आखातात, अबू हमूरच्या आपल्याच जुन्या गल्लीत, दुसऱ्या कुणाच्या तरी व्हिलात, आम्ही नवरा-बायको ब्रिज खेळून आलो. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी बोली सुरू झाली की मला अजून तुझं घसा खाकरणं ऐकू येतं.

तुझा ब्रिज अर्धा टेबलावर आणि अर्धा ओट्याशी चालायचा. डाव बाबांनी खेळायचा ठरला की त्यांची भिडू तू डमी, त्या डावापुरती मोकळी. मग तू पानं टेबलावर उघडी मांडायचीस आणि तडक कुकरकडे. "हिची बोली पानांवर नसते, शिट्ट्यांवर असते," बाबा पाहुण्यांना सांगायचे. तू आतून ओरडायचीस, "जिंकताय ना? मग खेळा गुपचूप." एका शुक्रवारी शेजारचे काका ड्यूटीवर गेले, चौथा हात कमी पडला आणि तू मला तुझी भिडू म्हणून बसवलंस. माझ्या हातात पाच इस्पिक, पाच बदाम. मी तोऱ्यात इस्पिक बोलले. तू नो ट्रंप म्हणालीस, म्हणजे तुला इस्पिक फारसं नको होतं. मी पुन्हा इस्पिक, आणि पुन्हा इस्पिकच. डाव सपशेल बुडाला. तुझ्याकडे इस्पिकचं एकच पान होतं आणि बदामाची चार. "बदामाचं काय लोणचं घालणार होतीस?" सगळ्यांसमोर म्हणालीस, मला रडूच आलं. पाहुणे गेल्यावर तू ओट्यापाशी जवळ घेऊन समजावलंस. पत्ते भिडूला दाखवता येत नाहीत, म्हणून बोलीतून कळवायचं. दोन रंगांची पानं सारखी असतील तर वरचा रंग आधी, एक लांब असेल, म्हणजे त्याची पानं जास्त असतील, तर लांब आधी, पण दोन्ही सांगायचेच. "निवडू दे ना त्याला. त्याला तुझ्या हातातलं काय दिसतंय?"

आई, नवऱ्याचं इथलं कॉन्ट्रॅक्ट या उन्हाळ्यात संपतंय. बाबा नाशिकला एकटे आहेत, फोनवर "मी मजेत" म्हणतात आणि मागे टीव्हीचा आवाज नको इतका मोठा असतो. आणि मला याच वर्षी गॅस प्लांटवर स्वतःची टीम मिळाली आहे. वीस जण सकाळी माझ्याकडे बघतात, मी काय सांगते ते ऐकायला. जायचं की राहायचं, हे नवरा कितीदा विचारत होता आणि मी म्हणत होते, तू म्हणशील तसं. काल परत येताना गाडीत तो चिडला. "टेबलावर पास म्हणतेस ते ठीक. घरीही पास? तुला काय हवंय ते मला कसं कळणार?"

मग मी सांगितलं. "मला बाबांजवळ राहायचंय. आणि ही नोकरी सोडवत नाही. दोन्ही सारखंच."

सिग्नलला त्याने गाडी थांबवली. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाला, "एवढंच हवं होतं मला. मग नाशिक. नोकरी तिथेही बघता येईल, बाबांचं वय मागे जाणार नाही. यल्ला, खलास, ठरलं." किती चांगला माणूस आहे गं. मी सांगितलं त्यावरून त्याने अगदी बरोबर निवडलं. घरी येऊन बाबांना फोन केला. त्यांनी आधी टीव्ही बंद केला. मग खाकरून म्हणाले, "आपण तिघं झालो. चौथा कोण मिळेल इथं?" फोन ठेवून मी खूप रडले आणि नवऱ्याला वाटलं, आनंदाने. थोडा आनंदही होता.

हे कुठेच पाठवायचं नाही, म्हणून तुला लिहिते. सारखं नव्हतं, आई. माझा लांब रंग इथला होता.