ओढ्यात मासे आले

२ फेब्रुवारी
आले एकदाची! बदली झाल्यावर सगळ्यांनी घाबरवलं होतं, तिथे काळं कुत्रंसुद्धा फिरकत नाही म्हणून. खरंच फिरकत नाही, पण खोली झकास आहे. खिडकीखालीच ओढा. घरमालकीण मावशी तोंडाने फटकळ, हाताने सढळ. माझी काडीसारखी अंगकाठी बघून म्हणाल्या, ओढा सुधारायला पाठवलंय की ओढ्यात वाहून जायला? दुसऱ्यांदा वाढलं तेव्हा मी नाही म्हटलं नाही.

ओढ्याचं पाणी काचेसारखं नितळ, तळाचे दगड केशरी. नवख्याला वाटेल, काय सुंदर! मी दगड उलटून पाहिले. खाली अळी नाही, शेवाळ नाही, काही नाही. वर बंद पडलेली खाण आहे. तिच्यातलं आंबट पाणी दगडांतले धातू विरघळवून खाली आणतं आणि त्यात काही जगत नाही. खाणीच्या तोंडावर भिंत आहे, भिंतीतून एक पाइप निघतो. त्याचा व्हॉल्व्ह हळूहळू बंद करायचा आणि ओढा जिवंत होतो का ते बघायचं, हे माझं काम.

६ फेब्रुवारी
मावशींचे यजमान खाणीत मुकादम होते. पाणी घुसलं तेव्हा बाकीचे वर आले, ते राहिले. पुढे भिंत घालून तोंड बुजवलं, आत जाणारा जुना पाइप तेवढा ठेवला. पूर्वी खाणीतल्या कामाची पाळी संपताना बायका वरून याच पाइपावर ठोकायच्या, जेवण तयार आहे म्हणून. खालून ठोका आला की पानं घ्यायची. मावशी अजून रोज संध्याकाळी जाऊन ठोकतात. उत्तर येतं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, अगं, जिवंत होते तेव्हा तरी कुठे वेळेवर यायचं?

१९ फेब्रुवारी
व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला.

२३ मार्च
मासे आले! वरच्या स्वच्छ झऱ्यातून बोटभर मासे खाली उतरलेत. मावशींना हाताला धरून नेलं. लग्न झाल्यावर दोघांनी इथेच मासे धरले होते म्हणे. त्या रडल्या, मग मीही रडले. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

२८ मार्च
मावशी म्हणतात, खालून ठोका आला. मी समजावलं की पाणी मागे तुंबलंय, हवा अडकली की पाइप वाजतो. त्यांना पटेना. ते यायला निघालेत आणि तू दार लावून बसलीस, म्हणाल्या. व्हॉल्व्ह उघड, असा एकच धोशा. उघडला तर मासे मरतील, असं मी सांगितलं. तुला मासे, मला माणूस, एवढंच बोलून त्या उठून गेल्या.

३१ मार्च
स्वयंपाकघराच्या फरशीतून केशरी पाणी झिरपतंय. साहेबांना फोन केला. भिंत पक्की आहे, थांबा म्हणाले. मला तेच ऐकायचं होतं. माशांनी अंडी घातलीत. आता व्हॉल्व्ह कसा उघडू?

१ एप्रिल
ठोका मीही ऐकला. मावशींनी ठोकलं, थांबल्या. मग आला. त्यांनी पुन्हा ठोकलं. पुन्हा आला. हवा अशी वाट बघत नाही —
त्या माझ्या पाया पडल्या. मी नाही उघडला.

३ एप्रिल
भिंत फुटली. संध्याकाळी. मावशी तिथेच होत्या, पाइपाशी.
ओढा लाल आहे. मासे उलटे, कल्ल्यांत पांढरा चिकट साका. मावशी सापडल्या नाहीत.

६ एप्रिल
पाणी पुन्हा नितळ. कोणी शोधायला येत नाही. साहेब फोनवर सोडून जा म्हणतात. कशी जाऊ? चुलीजवळ त्यांच्या चपला —

७ एप्रिल
पाइप नाही, भिंत नाही. तरी वाजतं. फरशीखाली. एक जड ठोका. लगेच एक हलका.
दोघं आहेत.

८ एप्रिल
खोलीत पाणी घोट्यापर्यंत. ठोके खाटेखाली आलेत. मी ओरडून सांगितलं — मावशी, मला तुमचं वाईट करायचं नव्हतं, मला फक्त ते मासे —