खिडकीपासून तीन फूट

४ फेब्रुवारी

आज दुकानात स्पीकरच्या दोन जोड्या ऐकल्या. पहिले डब्याचे, फळीवर मावणारे. ठीक. गाणारी बाई जणू शेजारच्या खोलीत, दार लावून बसलेली. दुसऱ्यांना डबाच नाही! नुसती उभी फळी, पाठ उघडी. बाई थेट समोर आली. तिच्या मागे वाजवणारा कुठे बसलाय तेही कळलं.

दिवसभर हेडफोन लावून परक्यांच्या बैठका ऐकतो आणि टाइप करतो. सगळे डोक्याच्या आत बोलतात. घरी तरी आवाज बाहेर असावा.

दुकानदार म्हणाला, "उघडे घेताय तर मागे तीन फूट सोडा. भिंतीला टेकवलेत की गुदमरतात."

५ फेब्रुवारी

खोली मोजली. दहा बाय बारा. खिडकीखाली तीन फूट निघतात. आरामात.

७ फेब्रुवारी

दादाचा फोन. त्याची बदली झालीय, आणि आप्पा त्याच्याकडेच राहतात. तिकडचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आप्पांचे गुडघे गेलेले. "तुझं पहिल्याच मजल्यावर आहे. खिडकीखाली त्यांचा पलंग बसेल ना? नाहीतर वृद्धाश्रमात नाव घातलंय. एक तारखेपासून जागा आहे."

बघतो म्हणालो. बघायचं काय? परवाच मोजलंय.

८ फेब्रुवारी

दुकानात जाऊन डब्याचे पुन्हा ऐकले. अगदी मन लावून. ते फळीवर राहिले तर खाली पलंग येतो. पण बाई काही दार उघडेना.

१० फेब्रुवारी

दादाला सांगून टाकलं — पलंग बसत नाही.

"किती कमी पडतं?"

"चार बोटं." तोंडाला आलं ते!

"आप्पांना दाखव एकदा. काहीतरी सुचवतील."

झालं. आमचे वडील म्हणजे चाळीस वर्षं सुतारकाम केलेले. एका सुताचा फरक निघाला म्हणून अख्खं दार पुन्हा करून दिलेला माणूस.

११ फेब्रुवारी

उघडे आणले. सुरेख!

१५ फेब्रुवारी

आप्पा येऊन गेले. दादा खाली गाडीतच थांबला. आप्पांनी खिशातून टेप काढला, एक टोक मला धरायला लावलं. खिडकीखाली लांबी घेतली, रुंदी घेतली. टेप अंगठ्याने दाबून जरा वेळ तसेच उभे राहिले. माझ्याकडे पाहिलं नाही. पलंग सहा बाय तीन, त्यांनीच केलेला.

मग म्हणाले, "वाजव की."

त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं. एक गाणं पुरतं ऐकलं. "माणूस समोर बसल्यासारखा वाटतो रे. मागे एवढी जागा कशाला?"

सांगितलं. त्यांनी मान हलवली. "बरोबर आहे. हलवू नकोस."

आणि दादाला फोन लावला. "नाही बसत. चार बोटं कमी पडतात."

मी त्यांचा टेप हातात धरून उभाच. बोलायला हवं होतं. जिन्यात त्यांचा हात धरला, तर म्हणाले, "तू वर जा, गाणं चालू राहिलंय."

१८ फेब्रुवारी

कामात चुका. एका बैठकीतली अख्खी दहा मिनिटं गाळली.

२३ फेब्रुवारी

आठवडाभर काही लावलेलं नाही. स्पीकर खिडकीसमोर दोन पाहुण्यांसारखे उभे आहेत. लाज वाटते.

२५ फेब्रुवारी

स्पीकर परत केले. दुकानदार म्हणाला, "आवडले नाहीत?"

"आवडले."

त्याने डब्याचे बांधून दिले. फळीवर बसले. खाली झाडून, पुसून घेतलं.

२७ फेब्रुवारी

दादाला फोन करून खरं ते सांगितलं. पलंग बसतो, ऐसपैस बसतो, मीच खोटं बोललो.

तो हसला. "आता वाईट वाटतंय म्हणून म्हणतोयस. अरे, आप्पांनी स्वतः मोजलंय! त्यांचं माप चुकलंय कधी?"

आप्पांना फोन द्यायला लावला.

"मोजलंय मी," म्हणाले.