दुसऱ्या साक्षीदाराची जागा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बावन्न, शिक्षण चौथी, धंदा लांब पल्ल्याचा ट्रक चालवणे (या महिनाअखेरपर्यंतच), पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. दडपण आणायची कोणाची छाती झाली असती तर त्याचेही नाव इथे आले असते. तब्येत ठणठणीत आहे. मरायची घाई नाही. पण धंदा बदलायचा तर मागचे आवरून निघावे, म्हणून हा कागद. लेखन माझे आहे. मुलीने फक्त ऱ्हस्व-दीर्घ तपासले. वाक्यांना हात लावायला गेली तेव्हा मी कागद ओढून घेतला.

१. राहते घर. खोल्या दोन. मी आणि नवरा दोघेही रस्त्यावर, त्यामुळे मुलीला वाढवले ते नणंदेने, याच घरात. मुलीचा पहिला दात आला तो आणि पडला तो, दोन्ही मला फोनवर कळले. माझ्यामागे घर मुलीचे. पण नणंद आहे तोवर खिडकीकडची खोली तिची. तिथून तिला "आत्या, जरा सरका" असे कोणी म्हणायचे नाही. मुलीने नाही, जावयाने तर नाहीच.

२. मोठ्या दिरांना ट्रकचा जुना भोंगा द्यावा. मी स्टिअरिंग हातात घेतले तेव्हा ते चारचौघांत म्हणाले होते, "बायको चालवते आणि हा मागे घोरतो. आता ट्रक स्वयंपाकघराच्या दारात लावा." पुढे त्यांचेच सामान हलवायला ट्रक त्यांच्या दारात लावला तो मीच, आणि भाडे पूर्ण घेतले. तरी भोंगा द्यावाच. त्यांना आवाज करायची हौस आहे.

३. ट्रक. हे कलम नीट वाचावे.

ट्रक माझ्या एकटीच्या नावावर आहे, कारण घ्यायच्या दिवशी नवरा दाढ धरून घरी पडला होता आणि मला थांबायची सवय नाही. तेव्हापासून तो आम्ही आळीपाळीने चालवला. एकाने चालवायचा, दुसऱ्याने मागच्या फळीवर झोपायचे. लोक म्हणतात, नवराबायको चोवीस तास बरोबर. कसले बरोबर? मी जागी तेव्हा तो झोपलेला, तो जागा तेव्हा मी. संसाराची सगळी बोलणी सीट बदलताना झाली.

"ब्रेक जरा खोल लागतोय."

"बरं."

"पोरीनं मुलगा पसंत केलाय."

"बरं. पाणी भरलंस का?"

केबिनमध्ये मी त्याला अरे म्हणते आणि खाली उतरले की अहो. पायरीवर जीभ आपोआप बदलते.

आता मी ट्रकच्या सीटा बांधायचे दुकान काढते आहे. आमची सीट मीच उसवून, काथ्या आणि फोम भरून पुन्हा शिवली होती. थांब्यावर एकेक ड्रायव्हर त्यावर बसून बघायला लागला. "वहिनी, माझीपण करून द्या ना." त्यांच्या पाठी मला कळतात, कारण माझी तशीच गेली आहे. दुकान दोघांच्या नावावर घेतले आहे, म्हणून ते या मृत्युपत्रात येत नाही.

नवरा म्हणतो, "तू उतर. मी एकटा चालवीन." पहाटे त्याचा डोळा लागतो. आजवर पहाट माझ्या वाट्याला होती, म्हणून तो धड आहे. मी ट्रक विकू शकते. पण विकला तर तो दुसऱ्याच्या ट्रकवर चढेल. दंड धरून उतरवलेला माणूस पाठ वळली की परत चढतो. उतरायचे ते त्याने स्वतः.

म्हणून माझ्यामागे ट्रक नवऱ्याला. पण वकील म्हणाले, जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला मृत्युपत्रातले काही घेता येत नाही. बरे झाले सांगितले. दुसऱ्या साक्षीदाराची जागा मी नवऱ्यासाठी ठेवली आहे. सही केली तर ट्रक त्याचा नाही. मग मरायची वाट न बघता मी तो महिनाअखेरीस विकीन आणि दोघे दुकानात बसू. सही केली नाही तर किल्ली आजच त्याची, आणि साक्षीला कोपऱ्यावरचा चहावाला येईल. मी आपणहून एक शब्द बोलणार नाही.

हे त्याला काल वाचून दाखवले.

"हे मृत्युपत्र आहे की नोटीस?"

"काय समजायचं ते समजा."

"दुकानात बसून मी करू काय? दुकान हलत नाही."

"तेच तर चांगलंय."

मग तो ट्रक धुवायला गेला. ट्रक सकाळीच धुतलेला होता.

४. हत्यारे. शिलाई मशीन, कात्री, दोन आऱ्या, वाकडी सुई. मुलीला देऊ नयेत, ती विकेल. मी जाईन तेव्हा माझ्या हाताखाली जो कोणी सीट शिवत असेल त्याला द्यावीत, टाका वाकडा पडत असला तरी.

५. माझ्यामागे रडायचे त्याने रडावे. पण गाड्या अडवून नाही.

६. हे कलम सगळे जमल्यावर लिहीत आहे. वकील म्हणतात, सहीनंतर मजकूर लिहीत नाहीत. मी म्हटले, मग खाली आणखी एक सही करते. पहिल्या साक्षीला बोलावलेल्या आमच्या मेकॅनिकने सही केली, कागदाला ग्रीसचे बोट लावून. नवऱ्याने चष्मा चढवला आणि तिसरे कलम ओठ हलवत परत वाचले.

"म्हणजे साक्षीदाराला काहीच मिळत नाही?"

"यातलं काहीच नाही," वकील म्हणाले.

नवरा माझ्याकडे वळला. "ती वाकडी सुई पण नाही?"

"ती जिवंतपणीच धरायची आहे."

"मला साधा दोरा ओवता येत नाही."

"शिकवीन रे."

हे मी वकिलांसमोर, फरशीवर उभी राहून म्हणाले. नणंदेने मान वर करून बघितले. नवऱ्याने पेन मागितले.

ठिकाण : राहते घर, पुढची खोली
दिनांक : १९ फेब्रुवारी, गुरुवार

मृत्युपत्र करणारी : (सही)

साक्षीदार १ : (सही) धंदा : मेकॅनिक

साक्षीदार २ : (सही) नाते : नवरा. धंदा : ट्रक ड्रायव्हर (खोडले) सीट शिवणे, शिकाऊ

सहावे कलम आणि वरची खाडाखोड, दोन्ही मला मान्य. (सही)