काय न्हाय

शनिवार, संध्याकाळ. बारामती

आज कन्हेरीच्या पूनमला मी रिंगमध्ये उतरू दिलं नाही. डोक्याला मार लागलेल्या बॉक्सरला डॉक्टरने थांबवायचं, हा बॉक्सिंग संघटनेचा नियम. आणि तिथली डॉक्टर मीच. परवाच सरावात तिला डोक्यावर जबर ठोसा बसला होता. मी विचारलं, "डोकं दुखतंय का?"

"काय न्हाय, ताई." पण बोलताना टेबलाची कड घट्ट धरून उभी होती.

आबा, माझे वडील, आमच्या गावच्या तालमीचे वस्ताद. अक्षरं गिरवायच्याही आधी त्यांनी मला हे दोन शब्द शिकवले. कितीही लागलं तरी "काय न्हाय" म्हणायचं. म्हणून तर मला कळलं, पोरीला दुखतंय.

आज जिंकली असती तर राज्याच्या संघात गेली असती. जाताना एवढंच म्हणाली, "तुमी तर तालमीतल्या ना, ताई?"

नियमाप्रमाणे बरोबरच वागले. बरोबरच ना? मग ती टेबलाची कड आणि तिची पांढरी पडलेली बोटं डोळ्यांपुढून का हलत नाहीत?

घरी आले तर आबांनी विचारलं, "रडलीस व्हय गं?"

"काय न्हाय, आबा."

ते जवळ येऊन बसले.