कौल लावणाऱ्याला लॅटिनमध्ये काय म्हणतात

नाही आबा, हा लॅटिन शब्द डॉक्टरने नाही, नातीने सांगितला. ती युनिव्हर्सिटीत लॅटिन शिकते. वेस्टमीड हॉस्पिटलच्या वेटिंग रूममध्ये माझं मन रमावं म्हणून जुन्या रोमच्या पुजाऱ्यांची नावं कुठून आली ते सांगत बसली होती. एकाच्या नावाचा अर्थ पूल बांधणारा. दुसरा हारुस्पेक्स, म्हणजे आतडी बघणारा. मेंढी कापायची, तिचं लिव्हर हातावर घ्यायचं आणि पुढे काय होणार ते सांगायचं. मी म्हटलं, "अगं, आत बसलेला डॉक्टर हेच करतो की. फक्त मेंढी मी." ती हसली, माझ्या लेकाने मात्र मान खाली घातली. माझ्या लिव्हरवर गाठ आहे, आबा.

मग तिथल्या जुन्या जमातींची नावं निघाली. कुणी म्हणे सुतारपक्ष्याच्या मागे चालत जाऊन वसले, तर त्यांना पक्ष्याचंच नाव पडलं. मी म्हटलं, "आम्ही तुझ्या बापाच्या व्हिसामागे या देशात आलो, आम्हाला काय म्हणशील?"

"आज्जी, स्टॉप! तुझे बाबापण प्रीस्ट होते ना?"

होते, म्हटलं, गावच्या देवळात गुरव. देवाच्या अंगाला फुलांचे ओले कळे चिकटवायचे, प्रश्न विचारायचा. उजवा पडला तर हो, डावा पडला तर नाही. "ओ माय गॉड, सेम जॉब!" मग काय, कुणाची हरवलेली म्हैस, कुणाचं अडलेलं लग्न, सगळं रंगवून सांगितलं. तुमची नक्कलसुद्धा केली.

आईचं नाही सांगितलं. ती ओटीवर पोट धरून पडलीय, अंगणात जीप उभी आहे, आणि तालुक्याला न्यायचं का म्हणून तुम्ही देवळात कळे लावताय. मी देवळाच्या दारात. डावा पडतो. तुम्ही येऊन ड्रायव्हरला म्हणता, "जा रे तू." सकाळपर्यंत ती कण्हत होती. मग थांबली.

आम्हाला आत बोलावलं. डॉक्टर म्हणाला, ऑपरेशन रिस्की आहे, आणि नाही केलं तर थोडेच महिने. लेक म्हणाला, "आई, घरी जाऊन बोलू आपण." मी थेट डॉक्टरला म्हटलं, "यस. यू कट." पोट माझं. आईला कुणी विचारलंच नव्हतं, आबा. देवाला विचारलं.

हे पत्र कुठे पाठवणार, फाडूनच टाकीन. तुम्ही गेलात तेव्हा मी ऊर बडवून रडले, गावाने नावाजलं. खरं सांगू? ते लोकांसाठी. आई गेली त्या सकाळी मला वाटलं होतं, तिच्या जागी तुम्ही मरायला हवं होतं. अजून वाटतं.