फाटकाचे उपमेय

टॅमरॅक फॉल्स, विस्कॉन्सिन
३ नोव्हेंबर

प्रिय आर्डिस,

थोरल्या भावाचे आशीर्वाद. ते तू मागितलेले नाहीस, तरी पत्राच्या आरंभी येण्याचा त्यांचा हक्क आहे. तुझ्या डाव्या गुडघ्यास उतार पडला असेल अशी आशा करतो. (डावा नसल्यास उजव्यास. दोन वर्षांपूर्वीच्या तुझ्या पत्रात गुडघा एकवचनी होता, बाजू नमूद नव्हती.) तिकडे डलूथला सरोवरावरचा वारा सुरू झाला असेल, तेव्हा मफलर वापरत जा. माझी प्रकृती उत्तम आहे. कान थोडे मंदावले आहेत, परंतु दृष्टी शाबूत असून परवाच खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर मला दोन अशुद्ध शब्द सापडले.

पत्र लिहिण्यास कारण की, तुझी 'फाटक' ही कथा माझ्या वाचनात आली. ती तू मला पाठवली नव्हतीस, याची नोंद घेतली आहे. माझे मागचे पत्र मिळाल्यापासून तू मला काहीच पाठवलेले नाहीस, हेही खरे. कथा माझ्यापर्यंत कशी पोहोचली ते क्रमवार सांगतो, कारण क्रम चुकला की अर्थ चुकतो.

सप्टेंबरात आमच्या वाचनालयाच्या दारावर एक सूचना लागली: 'कथा वाचू या समजू या दर मंगळवारी तळघरात'. एवढ्या वाक्यात एकही विरामचिन्ह नव्हते. त्यामुळे वाचायचे घरी नि समजायचे तळघरात, की दोन्ही तळघरात, हे कळण्यास मार्ग नव्हता. मी लाल पेन्सिलीने ती सूचना सुधारली आणि खाली सही केली. (जिल्ह्याच्या साप्ताहिकात एकेचाळीस वर्षे मुद्रितशोधन केलेला मनुष्य निनावी दुरुस्ती करीत नाही.) त्या कागदाचा खालचा अर्धा भाग नावनोंदणीचा होता, हे मला मंगळवारी कु. नोवॅक यांच्या दूरध्वनीवरून समजले. "मिस्टर ऑस्टबी, तुमची खुर्ची मांडून ठेवलीय. कॉफीपण उकळतेय. येताय ना?" केलेल्या सहीला जागणे ही आपल्या घराण्याची रीत असल्याने मी गेलो.

कु. नोवॅक महाविद्यालयात शिकवतात. वय तिशीच्या आत, उत्साह त्याहून लहान वयाचा. त्या प्रत्येकास कथेची प्रत व तीन रंगीत पेन्सिली देतात. उपमा दिसली की पिवळी, रूपक दिसले की गुलाबी, निर्जीव वस्तू माणसासारखी वागू लागली की हिरवी. शेवटी कथेची मध्यवर्ती कल्पना एका पूर्ण वाक्यात लिहायची. ('पूर्ण' या शब्दामुळेच मी दुसऱ्या मंगळवारी परत गेलो.) प्रतीवरील लेखकाचे नाव त्या कागदाच्या पट्टीने झाकून मगच प्रती काढतात, कारण त्यांच्या मते नाव कळले की लोक कथा वाचायचे सोडून नावच वाचतात. वर्गात आम्ही तिघेच नियमित: मी, रस्त्यावरचा बर्फ लोटणारा ट्रक तीस वर्षे चालवून निवृत्त झालेला गॉर्डी श्मिट आणि लिंबाच्या वड्या करून आणणाऱ्या बर्निसबाई. पहिल्या मंगळवारी बटाटे सोलणाऱ्या एका स्त्रीची कथा होती. बर्निसबाईंना त्या बटाट्यांत तिचा अख्खा संसार दिसला, गॉर्डीला सरकार दिसले. तासाअखेर त्या कथेत बटाटा दिसणारा मी एकटाच उरलो होतो.

चौथ्या मंगळवारी 'फाटक' आली. शेताच्या तोंडाशी एक लोखंडी फाटक असते. ते येणाऱ्याजाणाऱ्याला कुरकुरून हटकते: पाहुण्याला, गायीला, वाऱ्यालाही. त्याची खात्री असते की आपण कुरकुरलो नाही तर शेतात वाटेल ते शिरेल. हळूहळू लोक कुंपणाच्या तारेखालून वाकून जाऊ लागतात. मग फाटक म्हणते, हल्ली कोणी येतच नाही. वर्गाने ओळीमागून ओळ हिरवी केली. बर्निसबाईंच्या मते गंज म्हणजे आयुष्याची संध्याकाळ होती. गॉर्डीच्या मते गाय म्हणजे सरकार होते. (बटाट्यांनंतर सरकारची ही बढती म्हणावी की काय, मला सांगता येत नाही.) मी मध्यवर्ती कल्पना लिहिली: 'लोखंडी वस्तूंना वेळच्या वेळी तेल घालावे.' कु. नोवॅक म्हणाल्या, "वाक्य अगदी शुद्ध आहे हो. पण हे फाटकाबद्दल झालं. कथा कशाबद्दल आहे?" मी नम्रपणे निदर्शनास आणले की कथेचे नाव 'फाटक' आहे. ती शिंक्याबद्दल असती तर तिला 'शिंके' म्हटले असते.

येथे मी थांबावयास हवे होते. परंतु वर्ग उपमेच्या व्याख्येशी खेळत होता आणि ते पाहत बसणे माझ्या प्रकृतीस मानवत नाही. मी उभा राहिलो. उपमेला दोन पाय असतात, मी म्हणालो, एक उपमान व एक उपमेय. 'मुख चंद्रासारखे' म्हणताना चंद्र आहे तसे मुखही असावे लागते. येथे फाटक आहे, कबूल. पण ते ज्याच्यासारखे आहे तो इसम कोठे आहे? जो स्वतःच्याच शेतावर पहारेकरी होऊन बसतो, ज्याला कोणी विचारलेले नसताना जो प्रत्येकास हटकतो नि लोक टाळू लागले की लोकांनाच दोष देतो, असा मनुष्य मला दाखवा. उपमेयाशिवाय उपमा म्हणजे नवरदेवावाचून वरात.

कु. नोवॅक आपल्या पेन्सिलीचे टोक तपासू लागल्या. बर्निसबाईंनी वड्यांची बशी माझ्यापुढे सरकवली. गॉर्डी म्हणाला, "बसा, वेंडेल. नवरदेव मिळाला." त्यावर बर्निसबाई म्हणाल्या, "गॉर्डी, गप रे. वडी खा." पण त्यांनी त्याला वडी दिली नाही, दुसरीही मलाच दिली. त्यावरून मतदान कोणत्या बाजूने झाले हे मला समजले.

घरी येऊन मी ती प्रत लाल पेन्सिलीखाली घेतली, कारण अपमान झाला तरी काम राहता कामा नये. पहिल्याच पानावर 'आणि'च्या आधी स्वल्पविराम. दुसऱ्या पानावर चार. एकूण अकरा. अकरावा शेवटच्या वाक्यात होता, जेथे घरातली म्हातारी आई म्हणते: 'फाटक वाजलं नाही तर कोण आलं ते कळायचं कसं, आणि मी कोणासाठी उठायचं?' माझी पेन्सिल त्या स्वल्पविरामावर आली नि तेथेच राहिली. आर्डिस, 'आणि'च्या आधी असा स्वल्पविराम घालणारी व्यक्ती माझ्या माहितीत जगात एकच आहे. तू सहा वर्षांची होतीस, मी दहाचा. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी तुझी वही तपासत होतो. तू म्हणालीस, "'आणि'च्या आधी मी श्वास घेते. पुढे काय येणार ते मला ठाऊक नसतं ना." मी सांगितले की श्वास हे विरामचिन्ह नव्हे.

पुढल्या मंगळवारी मी कु. नोवॅक यांच्याकडे मूळ मासिक मागितले. पट्टीखाली 'आर्डिस लुंडीन' होते, शेजारी तुझे छायाचित्र. (मफलर नव्हता.) ही माझी बहीण, असे मी सांगितले. गॉर्डीने टोपी काढली, म्हणाला, "मग तर तुमचं हे चित्र फुकटात छापून आलं म्हणायचं." हा विनोद मला समजला नाही. तरीही बर्निसबाई बराच वेळ हसत होत्या.

तुझ्या कथेत वस्तुस्थितीच्या तीन चुका आहेत, त्या नोंदवणे माझे कर्तव्य आहे. आपल्या फाटकाला सहा नव्हे, पाच आडव्या पट्ट्या आहेत. आपली गाय तांबडी नव्हती, ठिपकेदार होती. वाऱ्याला मी कधीही हटकलेले नाही. बाकी कथेस माझी हरकत नाही. हे वाक्य मी एकेचाळीस वर्षांत कोणाच्याही मजकुराखाली लिहिलेले नाही, हे तुला ठाऊक असावे.

लोभ पूर्वी होता तेवढाच आहे. तो दाखवण्याची पद्धत सदोष होती.

तुझा थोरला भाऊ,
वेंडेल ऑस्टबी

ता. क. थँक्सगिव्हिंगच्या जेवणासाठी चौदा पौंडांची टर्की सांगून ठेवली आहे. दुकानात लहान नव्हती. (होती.)

आणखी ता. क. तुझ्या नवऱ्याच्या, रॉल्फच्या, अंत्यविधीनंतर तू मला चार ओळी लिहिल्या होत्यास: 'तू आलास, आणि बरं वाटलं', इत्यादी. मी त्यावर चौदा दुरुस्त्या करून ते पत्र तुलाच परत पाठवले. त्यांपैकी तेरा आजही बरोबर आहेत. चौदावी मागे घेतो. पत्र अजून जवळ असेल तर मी खोडलेल्या त्या स्वल्पविरामाखाली टिंबे घालून घे. आमच्या धंद्यात तशी टिंबे दिली की 'होते तसे राहू द्यावे' असा अर्थ होतो.

शेवटचे ता. क. काल तेलाचा डबा घेऊन फाटकाशी गेलो होतो. तेल न घालताच परत आलो. वाजले म्हणजे कळेल. तू ये, आणि बरे वाटेल.